आपल्या रुग्णांची पेशीपेढी हवी

चाळिशी ओलांडल्यावर एखाद्याच्या हाताला कंप सुटतो. आधी कपातला चहा बशीत सांडू लागतो, मग बँकेतली सही जुळेनाशी होते आणि काही वर्षांनी चालताना तोल जायला लागतो. असा माणूस बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव राजासारख्या गावात राहत असेल तर तो आधी गावातल्या दवाखान्यात जातो, मग खामगावला, तिथून अकोल्याला. वाटेत कुणी त्याला अशक्तपणा सांगतो, कुणी पार्किन्सन, तर कुणी दारू पिता का म्हणून विचारतो. त्याच्या आजाराचे नाव एससीए-१२ असू शकते, हे सांगणारा भेटेपर्यंत बरीच वर्षे हातची गेलेली असतात. लहान मेंदूचा हा आनुवंशिक आजार १९९९ मध्ये अमेरिकेतील एका कुटुंबात पहिल्यांदा ओळखला गेला. पाचव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सी-ए-जी हा तीन अक्षरांचा क्रम प्रमाणाबाहेर पुन्हा पुन्हा येतो, त्यातून तो उद्भवतो. आई किंवा वडील, कुणा एकाकडून आलेला दोष त्याला पुरतो. जगात इतरत्र हा आजार फार विरळ आहे. भारतात तसे नाही. इथल्या संशोधकांना त्याचे रुग्ण मोठ्या प्रमाणात अग्रवाल समाजात आढळले. याच समाजातल्या लहान मुलांना होणारा दुसरा एक आजार, ज्यात डोक्याचा घेर वाढतो आणि चालणे हळूहळू बंद पडते, मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीम सिंघल यांनी १९९० च्या दशकात जगापुढे आणला. वऱ्हाडातल्या कापसाच्या पेठांत व्यापारानिमित्त आलेली अग्रवाल घराणी पिढ्यान्‌पिढ्या इथलीच झाली आहेत, म्हणून हे आजार आपल्या उंबऱ्याबाहेरचे नव्हेत. यात त्या समाजाचे काही उणे नाही. आपापसात लग्ने करणाऱ्या प्रत्येक समाजात असे एखाद-दुसरे जनुक फिरत असते, आणि मामेबहीण-आतेबहीण करून घेण्याची चाल तर आपल्याकडे अनेक जातिधर्मांत आहे. एका समाजातले रुग्ण कुणीतरी चिकाटीने मोजले, इतरांतले मोजलेच गेले नाहीत, एवढाच काय तो फरक.

अशा आजारांवर आज एक नवे साधन हाती आले आहे, आणि त्याचा उपयोग कसा करायचा याचा निर्णय महाराष्ट्राने लांबणीवर टाकू नये, असे माझे म्हणणे आहे. ते साधन म्हणजे पेशींचे रीप्रोग्रामिंग: रुग्णाच्या रक्तातली किंवा कातडीतली पेशी मागे नेऊन तिची मूलपेशी करायची आणि त्या मूलपेशीपासून मेंदूची पेशी घडवायची. राज्याने मेंदूविकाराच्या रुग्णांची अशी सार्वजनिक पेशीपेढी उभारावी. नमुने गोळा करण्याचे काम मुंबई-पुण्यापुरते न ठेवता अकोला आणि बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांपर्यंत न्यावे. आणि त्याच वेळी मूलपेशींच्या नावाने लाखो रुपये घेऊन जी इंजेक्शने दिली जातात, त्यांना आळा घालावा. या मागण्या मी मुद्दाम एकत्र मांडतो आहे. खऱ्या विज्ञानाची वाट लांबची आहे. ती लोकांना दिसली नाही तर खोटी जवळची वाट चालूच राहील.

हे रीप्रोग्रामिंग प्रत्यक्षात कसे चालते ते थोडे जवळून पाहू. मेंदूच्या आजाराची मूळ अडचण अशी की आजारी अवयव उघडून पाहता येत नाही. यकृताचा तुकडा सुईने काढता येतो, जिवंत माणसाच्या लहान मेंदूचा काढता येत नाही. उंदरावर प्रयोग होतात, पण माणसाला बिघडवणारे जनुक उंदराला तसेच बिघडवते असे नाही, आणि उंदरावर गुणकारी ठरलेली कितीतरी औषधे माणसावर फसली आहेत. २००६ मध्ये जपानमधील क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी दाखवून दिले की उंदराच्या साध्या पेशीत फक्त चार जनुके घातली तर ती आपली ओळख विसरून भ्रूणातल्या पेशीसारखी होते. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशीत ते जमले आणि २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळाले. आज प्रयोगशाळेत रुग्णाचे थोडेसे रक्त घेतात, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात आणि निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून ती जनुके आत पोचवतात. तीन-चार आठवड्यांनी बशीच्या तळाशी गोल, घट्ट, कडा रेखीव असलेले पुंजके दिसू लागतात. एकेक पुंजका सूक्ष्मदर्शकाखाली उचलून नव्या बशीत लावायचा, त्याला ठरल्या वेळी ताजे द्रव द्यायचे, त्यात रविवारची सुटी नसते. त्यातून मेंदूपेशी घडवायला आणखी कित्येक आठवडे, कधी महिने जातात. मग त्या पेशींना धागे फुटतात, त्या एकमेकींना जोडल्या जातात, त्यांच्यात विजेचे संकेत धावतात. त्या पेशींत रुग्णाचे संपूर्ण जनुकीय लिखाण असते, त्यातल्या चुकीसह. आजार डोळ्यांसमोर घडताना पाहता येतो आणि एखादे औषध आधी त्या बशीवर घालून बघता येते.

याचा रुग्णाला काय उपयोग झाला, हा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर मोजूनमापूनच दिले पाहिजे. जपानच्या केयो विद्यापीठात, स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या एएलएस या आजाराच्या रुग्णांपासून हातापायांच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी तयार केल्या गेल्या आणि त्यांच्यावर आधीच वापरात असलेली बाराशेहून अधिक औषधे एकेक करून पाहिली गेली. त्यातून रोपिनिरोल पुढे आले, जे पार्किन्सनसाठी गेली कित्येक वर्षे दिले जाते. मग २० रुग्णांवर चाचणी झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आजाराची वाटचाल सुमारे सात महिन्यांनी लांबल्याचे दिसले. वीस रुग्ण म्हणजे फार थोडे, आणि एवढ्यावरून कुणी ते औषध मनानेच सुरू करू नये. पण वेगळ्या आजारासाठी बनलेले जुने औषध एएलएसच्या कामी येऊ शकते, हा सुगावा उंदराने दिला नव्हता, तो बशीतल्या मानवी पेशींनी दिला. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीचे उदाहरण आपल्याला जास्त ओळखीचे आहे. २०२१ मध्ये मुंबई-पुण्यातल्या कुटुंबांनी तान्ह्या मुलींसाठी सोळा कोटींच्या इंजेक्शनची वर्गणी जमवली, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला होता. स्नायू दुबळे करणाऱ्या त्याच आजारावर तोंडाने घ्यायचे रिस्डिप्लाम नावाचे औषध आहे. ते ज्या रसायनांच्या कुळातून आले, त्यांची परीक्षा झाली तेव्हा रुग्णांच्या पेशींपासून घडवलेल्या चेतापेशीही त्यात होत्या. पेटंटच्या वादात न्यायालयाने विक्री रोखायला नकार दिल्यानंतर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नॅटको या भारतीय कंपनीने त्याची बाटली १५,९०० रुपयांना आणली. मूळ कंपनीची बाटली सहा लाखांच्या घरात होती. प्रयोगशाळेतला शोध आणि गावातल्या घराचा खर्च यांच्यात किती टप्पे असतात आणि ते ओलांडता येतात, हे यातून दिसते.

मग जपानी, अमेरिकी पेशींवर शोध लागतोच आहे, आपल्या पेशी कशाला हव्यात? कारण आपले काही आजार त्यांच्याकडे फारसे नाहीतच. एससीए-१२ च्या रुग्णांची कुटुंबे भारतात आहेत. त्यावर औषध शोधण्याची निकड बॉस्टनमधल्या संशोधकांना वाटण्याचे कारण नाही. दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेने एससीए-१२ च्या रुग्णांच्या पेशींपासून मूलपेशींच्या रेषा, म्हणजे बशीत सतत वाढवत ठेवता येणारी पेशींची कुळे, तयार केल्या आहेत, आणि ते काम आपल्याच देशात झाले ही समाधानाची गोष्ट आहे. बंगळुरूला निम्हान्स, एनसीबीएस आणि इनस्टेम या तीन संस्थांनी मिळून, एकाच घरात अनेकांना गंभीर मानसिक आजार आहेत अशा कुटुंबांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्याचा आणि त्यांच्या पेशी जपण्याचा प्रकल्प चालवला आहे. महाराष्ट्रात साधने नाहीत असे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवणारे भांडार आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मानवी भ्रूणाच्या मूलपेशींच्या स्वतःच्या रेषा फार आधी तयार केल्या होत्या. केईएम रुग्णालय हे केंद्राच्या दुर्मीळ आजार धोरणातले उत्कृष्टता केंद्र आहे. हे सगळे मोती आहेत, त्यांना ओवणारा दोरा नाही. दुसरे कारण रोपणाशी निगडित आहे. दुसऱ्याच्या पेशी शरीरात घातल्या की प्रतिकारशक्ती त्यांना परके समजते. जपानने यावर तोड म्हणून, ज्यांच्या ऊतींच्या खुणा अनेकांशी जुळतात अशा निवडक दात्यांच्या पेशी साठवल्या. चार प्रकारांत त्यांचे सुमारे ४० टक्के लोक बसतात. आपल्याकडे लोकसंख्येची वीण कितीतरी गुंतागुंतीची आहे, आणि जपानी दात्याच्या पेशी वऱ्हाडातल्या रुग्णाला जुळतील अशी आशा धरणे व्यर्थ आहे. इथल्या माणसांच्या पेशी इथेच साठवाव्या लागतील.

रोपणाबद्दल आशा वाटावी असे घडले आहे, पण तिची मर्यादाही नीट समजून घ्यावी. क्योटोमध्ये २०१८ पासून पार्किन्सनच्या सात रुग्णांच्या मेंदूत, एका निरोगी दात्याच्या रीप्रोग्राम केलेल्या पेशींपासून घडवलेल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी घातल्या गेल्या. दोन वर्षे लक्ष ठेवल्यावर एप्रिल २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कुणालाही गंभीर अपाय झाला नाही, गाठी झाल्या नाहीत. परिणामासाठी तपासलेल्या सहापैकी चौघांच्या हालचाली गोळ्यांचा असर नसतानाही सुधारल्या. सात रुग्णांसाठी यामानाकांच्या शोधापासून बारा वर्षांची तयारी लागली. त्याआधी २०१४ मध्ये जपानमध्येच दृष्टिपटलाच्या आजारासाठी असे पहिले रोपण झाले होते. दुसऱ्या रुग्णासाठी तयार केलेल्या पेशींत जनुकीय बदल आढळले आणि ते रोपण थांबवण्यात आले. रुग्ण ताटकळला, वैज्ञानिकांची नाचक्की झाली असेल, पण त्या पेशी रुग्णाच्या डोळ्यात घातल्या गेल्या नाहीत. हा संयम मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

आपल्याकडे जे चालते ते याच्या नेमके उलट आहे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, लकवा, मणक्याची इजा, काहीही सांगा, मूलपेशींचे इंजेक्शन आहे असे सांगणारे दवाखाने मोठ्या शहरांत आहेत आणि त्यांच्या जाहिराती मोबाइलवरून गावोगाव पोचतात. बहुतेक ठिकाणी कमरेच्या हाडातला मगज काढून त्यातल्या पेशी त्याच रुग्णाच्या मणक्यात टोचल्या जातात. यात रीप्रोग्रामिंग नाही, त्या पेशींची चेतापेशी होत नाही, आणि अनेकदा पाच-सहा फेऱ्या घ्यायला सांगतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांतील मज्जारोपण वगळता मूलपेशींचा कोणताही वापर म्हणजे चाचणीच. ती उपचार म्हणून विकता येत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये असे स्पष्ट सांगितले. तरी धंदा चालू राहिला, कारण तत्त्वे कागदावर होती आणि तपासणारा कुणी नव्हता. यावर आईबापांकडून येणारा प्रश्न काळीज हलवणारा असतो: दुसरा इलाज नाही, मूल हातचे जाते आहे, मग करून पाहिले तर काय बिघडते? बिघडते ते असे. एकर-दोन एकर जमीन गहाण पडते किंवा विकली जाते. मणक्यात वारंवार सुई घालण्याचे धोके पोराच्या वाट्याला येतात. फिजिओथेरपी, वाचा-उपचार, फिट्सची औषधे, ज्यांचा खरोखर उपयोग होतो, त्यांचा पैसा आणि वेळ संपतो. आणि आधी असे काहीबाही टोचून घेतलेल्या रुग्णाला पुढे खऱ्या चाचणीत घेणे अवघड होऊन बसते. आशा धरण्याचा हक्क आईबापांना आहे. ती आशा विकण्याचा हक्क कुणालाही नाही.

पुढचा आक्षेप जिल्ह्यातले जाणते लोक घेतील, आणि तो सर्वांत वजनदार आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मेंदूविकारतज्ज्ञ मिळत नाही, फिट्सच्या गोळ्या कधी असतात कधी नसतात, तिथे पेशीपेढीचे काय घेऊन बसलात? पोटाला आधी भाकर हवी, हे मला मान्य आहे. पण पेढीची पहिली पायरी काय आहे ते पाहा. रुग्ण शोधणे, त्याची नीट तपासणी करणे, जनुकीय चाचणी करून आजाराचे नाव नक्की करणे, घराण्याची वंशावळ काढणे. पेशी गोठवायची वेळ येते ती यानंतर. म्हणजे ज्या निदानासाठी रुग्ण आज नांदुऱ्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठतो, ते निदान पेढीच्या निमित्ताने जिल्ह्यात येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात जी दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यात बुलढाणा आहे. आठवड्यातून एक दिवस आनुवंशिक मेंदूविकारांची बाह्यरुग्ण तपासणी, रक्तनमुना घेऊन पुण्याला पाठवण्याची व्यवस्था आणि परत आलेला अहवाल रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगणारा एक समुपदेशक, एवढ्यावर तिथे सुरुवात होऊ शकते. केंद्राच्या २०२१ च्या धोरणानुसार दुर्मीळ आजाराच्या रुग्णाला उत्कृष्टता केंद्रातून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. पण नाव नसलेल्या आजाराला मदत कोण देणार? गोळ्यांचा पुरवठा सुधारायचा की पेढी काढायची, असा हा निवाडा नाही. नोंद झालेला रुग्णच पुरवठा मागू शकतो.

विज्ञानाच्या अंगाने येणारा आक्षेपही टाळून चालणार नाही. बशीतल्या चेतापेशी कोवळ्या असतात. रीप्रोग्रामिंगमध्ये पेशीचे वय पुसले जाते, आणि एससीए-१२ सारखा आजार तर बहुधा चाळिशीच्या आसपास दिसतो. मग बाळाच्या पेशीत म्हाताऱ्याचा आजार कसा दिसणार? ही अडचण खरी आहे. तिच्यावर एक उपाय म्हणजे मूलपेशीचा टप्पाच गाळून कातडीच्या पेशीची थेट चेतापेशी करणे. स्टॅनफर्डमध्ये २०१० साली उंदराच्या पेशींत ते साधले, पुढे माणसाच्या पेशींतही. आणि अशा पेशी आपल्या वयाच्या खुणा बऱ्याच अंशी टिकवून ठेवतात असे दिसले. तरीही बशी म्हणजे मेंदू नव्हे. तिथे रक्तवाहिन्या नाहीत, चालणे नाही, तोल जाणे नाही. म्हणून बशीतला निष्कर्ष हा पुरावा मानू नये, सुगावा मानावा, आणि त्याची माणसांवर रीतसर चाचणी व्हावी. सुगावाच नसेल तर चाचणी कशाची करणार?

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती संमतीची. मोठ्या शहरात नमुन्यावर नावाऐवजी क्रमांक घातला की माणूस लपतो. पिंपळगाव राजाच्या आकाराच्या गावात तो लपत नाही. कोणत्या घरातला माणूस तपासणीसाठी अकोल्याला गेला हे चार दिवसांत सगळ्यांना ठाऊक होते, आणि त्या घरात लग्नाची मुलगी असेल तर सोयरीक मोडायला तेवढे पुरते. शिवाय जनुकाचा अहवाल एकट्याचा नसतो. बापाला दोष सापडला तर प्रत्येक अपत्याला तो असण्याची शक्यता निम्मी, हे त्याच कागदात लिहिलेले असते, मग मुलांनी ते जाणून घ्यायचे ठरवलेले असो वा नसो. जाणून न घेण्याचा हक्कही माणसाला आहे. म्हणून पेढीचे नियम पेढीच्या आधी व्हायला हवेत. संमतिपत्र मराठीत आणि उर्दूत हवे, वकिली भाषेत नको. आपल्या पेशींचे पुढे काय झाले हे विचारण्याचा आणि त्या नष्ट करा म्हणण्याचा अधिकार देणाऱ्याला असावा. खाजगी कंपनीने त्या पेशींवरून औषध काढले तर त्याची किंमत ठरवताना राज्याला शब्द असावा, आणि ही अट नमुना देतानाच्या करारात असावी, नंतर न्यायालयात शोधायची वेळ येऊ नये. विमा, नोकरी किंवा लग्न यांसाठी हा अहवाल कुणालाही मागता येऊ नये. रक्त देणाऱ्या गरीब माणसाच्या वाट्याला फक्त सुई आणि दुसऱ्याच्या वाट्याला पेटंट, असे होणार असेल तर पेढी न झालेली बरी, इतक्या स्पष्टपणे हे आज म्हटले पाहिजे.

राज्य सरकारने पुणे, मुंबई, अकोला आणि बुलढाणा येथील संस्थांना एका योजनेत बांधावे, आणि आमदार-खासदारांनी विचारावे की बुलढाण्याच्या महाविद्यालयात ही तपासणी कधी सुरू होणार. तोवर, घरात असा रुग्ण असलेल्या वाचकांना एक विनंती. मूलपेशींचा उपचार कुणी सुचवला तर त्याचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक लेखी मागा. भारतात चालणाऱ्या प्रत्येक औषधचाचणीची नोंद या शासकीय नोंदवहीत करावी लागते आणि ती इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. क्रमांक मिळाला तर तो आपल्या डॉक्टरांना दाखवा. आणि खरी चाचणी असेल तर तिच्यातल्या उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.